५ एचपी सौर कृषीपंप: विहिरीला छान, खोल बोअरला नको

वऱ्हाडापासून झाडीपट्टीपर्यंत कुठल्याही रस्त्यानं जा, धुऱ्यावर निळ्याकाळ्या प्लेटांची रांग दिसतेच. महाराष्ट्र सरकारच्या 'मागेल त्याला सौर कृषीपंप' योजनेत बसणारा ५ एचपीचा एसी सबमर्सिबल सेट, म्हणजे प्लेटा, लोखंडी स्ट्रक्चर, कंट्रोलर (प्लेटांची वीज मोटारीला चालेल अशी करून देणारी पेटी), मोटार, केबल आणि अर्थिंग, एवढ्याचं हे परीक्षण. कुठल्या एका कंपनीचं नाही. सगळ्यांना सरकारी निकष तेच, त्यामुळे सेट थोड्याफार फरकानं सारखाच येतो. फरक पडतो तो बसवणाऱ्याच्या हातानं आणि तुमच्या विहिरीनं.

निकाल आधीच सांगून टाकतो. साठ फुटांच्या आत पाणी असलेली विहीर, नाला किंवा शेततळं असेल तर पाचपैकी चार गुण. तीनशे फुटांच्या बोअरला दोन, तेही मोजक्या ठिबकापुरते.

बिल वाचतं म्हणून हा पंप घ्या, असं कोणी सांगत असेल तर त्याचं ऐकू नका. २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या कृषीपंपांना राज्यात वीजबिल माफ आहे, तेव्हा वाचायला बिलच नाही. खरी कमाई वेगळी आहे: दिवसाचं पाणी. लाईनचा, म्हणजे शेतीच्या विजेचा, आठवडा रात्रीचा लागला की हरभऱ्याच्या ओलितासाठी मध्यरात्री वावरात जायचं, पायाखाली साप, तुरीत रानडुक्कर, आणि चंद्रपूर-यवतमाळच्या जंगलकाठी वाघाची धास्ती. त्यातच डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळाली की ऐन फुलोऱ्यात पंधरा दिवस पीक कोरडं. यातून सुटका हवी असेल तर पुढचं वाचा.

उन्हावर पाणी उपसायची कल्पना जुनी आहे. १८७८ च्या सुमारास मुंबईत विल्यम अॅडम्स या इंग्रज अधिकाऱ्यानं आरशांनी ऊन बॉयलरवर एकवटून वाफ केली आणि अडीच अश्वशक्तीचं इंजिन चालवून दाखवलं. १९१३ मध्ये फ्रँक शूमननं इजिप्तमध्ये काहिऱ्याजवळच्या मादी इथं आरशांचे लांबच लांब पन्हाळे उभे करून शेतीसाठी नाईलचं पाणी ओढलं. कोळसा आणि तेल हाताशी आलं तसे दोन्ही प्रयोग मागे पडले. आजच्या प्लेटेचं मूळ १९५४ चं: अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेतला सिलिकॉन सेल, तेव्हा उन्हाचा जेमतेम सहा टक्के भाग विजेत बदलणारा. आजची मोनो प्लेट वीस टक्क्यांच्या पुढे आहे. आपल्याकडे साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्सनं १९७७ मध्ये देशातला पहिला सौर सेल केला, पुढच्या वर्षी पॅनेल. केंद्राचा सौर पंपांचा कार्यक्रम १९९२-९३ चा, पण गावोगाव प्लेटा दिसू लागल्या त्या २०१९ च्या कुसुम या केंद्राच्या सौर पंप अनुदान योजनेनंतर. (आपल्या आजोबांची मोटही अक्षय ऊर्जेवरच चालायची म्हणा, फक्त तिला कडबा लागायचा.) अॅडम्सच्या इंजिनाला जी अट होती ती मात्र आजच्या सेटलाही तशीच आहे: जेवढं ऊन, तेवढं पाणी.

म्हणूनच ५ एचपी हा आकडा फसवा. तारेत व्होल्टेज नीट असेल तर लाईटवरची मोटार सकाळी सहाला जेवढं पाणी फेकते तेवढंच बाराला. सौर मोटार हिवाळ्यात आठ-साडेआठला हळूच फिरू लागते, अकरा ते अडीच जोरात असते आणि साडेचारनंतर धापा टाकते. ढग आला की धार बारीक. तिला तासांनी मोजू नका, दिवसाच्या लिटरनं मोजा.

त्यासाठी केंद्राच्या निकषांतलाच तक्ता वापरा. त्यात 'हेड' म्हणजे पाणी उचलायची एकूण उंची, पाइपातलं घर्षण आणि नोझलचा दाबही मीटरमध्ये धरून. एसी पंपाला प्लेटेच्या दर वॅटमागे दिवसाला १० मीटर हेडला ९० लिटर, २० मीटरला ५०, ३० मीटरला ३२, ५० मीटरला १९ आणि १०० मीटरला साडेआठ लिटर पाणी मिळायला हवं. ५ एचपीला साधारण ४८०० वॅटच्या प्लेटा धरा. पण हे आकडे चौरस मीटरमागे ७.१५ युनिट ऊन पडेल, म्हणजे प्लेटा दिवसातून तीनदा सूर्याकडे फिरवाल, असं गृहीत धरून दिलेले आहेत. पहिले पंधरा दिवस हौसेनं फिरवतात, मग पिन गंजते. तेव्हा तक्त्यातून पाव भाग आधीच वजा करून चाला.

आता हेड. पाहणीला आलेला माणूस विहिरीची खोली विचारतो आणि तेवढंच लिहून निघतो. इथंच गडबड होते. समजा उन्हाळी पाणी १२ मीटरवर आहे, वावराचं टोक विहिरीपेक्षा ३ मीटर उंच आणि ३०० मीटर लांब, आणि पाइप ७५ मिलिमीटरचा, म्हणजे आपला अडीच इंची. सरीनं मोकळं पाणी सोडलं तर दुपारी सेकंदाला ६ लिटरच्या आसपास वाहतं, आणि एवढ्या पाण्याला त्या पाइपात नुसत्या घर्षणानं ९-१० मीटर हेड खर्च होतं. एकूण २५ मीटर. तोच पाइप ९० मिलिमीटरचा असता तर घर्षण चार मीटरवर आलं असतं. पाइपाचा फरक एकदाच भरायचा असतो, पाणी रोज मिळतं.

स्प्रिंकलर लावला की चित्र पालटतं. नोझलला अडीच किलो दाब म्हणजे आणखी २५ मीटर हेड. पाणी कमी वाहतं म्हणून घर्षण चारवर येतं, पण बेरीज १२ + ३ + ४ + २५ = ४४ मीटर. मोकळ्या पाण्यात तक्त्याप्रमाणे दिवसाला एक लाख नव्वद हजार लिटर देणारा तोच सेट इथं एक लाख पाच हजारांवर येतो, आणि पाव भाग वजा केल्यावर ८० हजारांवर.

८० हजार लिटरचं काय होतं? एकरभर एक इंच पाणी म्हणजे सुमारे एक लाख लिटर. हरभऱ्याला स्प्रिंकलरनं ४०-५० मिलिमीटरची पाळी द्यायची तर एकरी एक लाख साठ हजार ते दोन लाख. पाच एकराची एक पाळी दहा ते तेरा दिवसांत निघते. फांद्या फुटताना एक आणि घाटे भरताना एक, अशा दोन पाळ्यांच्या हरभऱ्याला हे निवांत जमतं. पाच एकर गहू मात्र एकट्या या सेटवर घेऊ नका. एकविसाव्या दिवसाची मुकुटमुळांची पाळी सगळ्या वावराला एकदमच लागते, आणि तेव्हा तेरा दिवस थांबायला गहू तयार नसतो. दोन-अडीच एकर गहू, बाकी हरभरा, असं वाटून घ्या.

विहिरीचाही हिशोब करा. वीस फूट व्यासाच्या विहिरीत ८० हजार लिटर म्हणजे नऊ फूट पाणी. रात्रीतून नऊ फूट झरा येत नसेल तर मोठा पंप घेऊन उपयोग नाही, दुपारी एकलाच ड्राय रन (मोटार कोरडी फिरतेय) दाखवून तो बंद पडेल.

योजनेची मोठी चूक इथंच आहे. एचपी ठरतो सातबाऱ्यावरच्या जमिनीवरून: अडीच एकरांपर्यंत ३, पाच एकरांपर्यंत ५, त्यापुढे साडेसात. पाणी किती खोल आहे आणि विहिरीला झरा किती आहे, हे त्यात कुठंच येत नाही. सुदैवानं पात्रतेपेक्षा लहान पंप मागता येतो. उथळ विहीर, कमी झरा आणि सहा एकर जमीन असेल तर साडेसातचा मोह सोडा. सर्वसाधारण गटाला दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातींना पाच टक्के हिस्सा भरायचा असतो. त्यात मोठा पंप स्वस्त वाटतो, पण कोरड्या विहिरीत तो लहान पंपाएवढंच पाणी देतो.

एचपी सारखा असला तरी मोटारीच्या टप्प्यांची, म्हणजे इम्पेलरची (पाणी वर ढकलणाऱ्या चकत्यांची) संख्या हेडनुसार वेगळी असते. शंभर मीटर हेडची मोटार उथळ विहिरीत टाकली तर धार करंगळीएवढी. पन्नासची मोटार खोल बोअरमध्ये टाकली तर दुपारपर्यंत पाणी वरच येत नाही. मोटारीच्या पट्टीवर हेड कोरलेलं असतं. गाडीतून मोटार उतरताना ते वाचा आणि सरळ विचारा, "भाऊ, हेड किती धरलं? स्प्रिंकलरचा दाब मोजला का त्यात?" उत्तरात टाळाटाळ दिसली तर मोटार विहिरीत सोडू देऊ नका. एकदा सोडली की बदलून मिळायला हंगाम जातो.

बोअरला दोनच गुण का, तेही यातून कळेल. शंभर मीटर हेडला ४८०० वॅटमधून तक्त्याप्रमाणे ४० हजार लिटर, वास्तवात ३० हजार. संत्र्याच्या मोठ्या झाडाला उन्हाळ्यात दिवसाला १५० लिटर धरले आणि ६ बाय ६ मीटरवर एकरी ११० झाडं, तर एकरी साडेसोळा हजार लिटर लागतात. म्हणजे दोन एकरही पुरते होत नाहीत, आणि आंबिया बहाराला पाणी नेमकं एप्रिल-मेमध्येच हवं असतं. वरूड-मोर्शीकडे तर बोअर आठशे-हजार फुटांवर गेलेत. तिथं हा सेट नकोच.

आता बसवणी. इथं अर्धा दिवस उभं राहून पाहण्यासारखं बरंच आहे.

पाया पहिला. आपली भरकाळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते. ठेकेदाराचा पोरगा दोन फुटांचा खड्डा करून सिमेंट ओततो. पहिल्या पावसाळ्यानंतर एक पाय वर, एक खाली, स्ट्रक्चर पिळतं आणि प्लेटेच्या काचेला कोपऱ्यातून तडा जातो. खड्डा मुरमापर्यंत न्या. मुरूम लागतच नसेल तर चार-पाच फूट, आणि सिमेंटच्या भोवती निघालेली काळी माती परत न लोटता मुरूम भरा. दोन-चार ट्रॉल्या मुरूम स्वतःच्या पैशानं आणावा लागला तरी आणा. नट-बोल्टाखाली स्प्रिंग वॉशर आहेत ना ते पाहा. मेमधल्या वावटळीत आधी ढिला बोल्ट निसटतो, मग प्लेट.

दिशा दक्षिण, कल आपल्या अक्षांशाएवढा, म्हणजे नागपूर-अमरावतीला २१ अंशांच्या आसपास. स्ट्रक्चरला कल बदलायची भोकं असतील तर रब्बीत ३५ पर्यंत उभ्या करा, उन्हाळ्यात ५-१० वर आडव्या. वर्षातून दोनदा पाना फिरवायचं काम आहे, पण नेमकं ओलिताच्या महिन्यांत पाणी वाढतं.

सावलीबद्दल लोक निष्काळजी असतात. प्लेटा एकीला एक जोडून माळ केलेली असते. उदाहरणार्थ ५४० वॅटच्या नऊ. एका प्लेटेवर निंबाची सावली पडली तर नुकसान एक नवमांशच होत नाही, अख्ख्या माळेचा जोर मोडतो. डिसेंबरात भरदुपारीही सूर्य ४५ अंशांवरच असतो, म्हणजे दक्षिणेच्या वीस फुटी झाडाची सावली वीस फूट, सकाळ-संध्याकाळ तर कितीतरी लांब. मे महिन्यात जागा पाहून प्लेटा बसवल्या की ही चूक हमखास होते.

त्याच माळेत उघड्या टोकांवर ४०० ते ४४० व्होल्ट डीसी असतो. डीसीचा ठिणगा एसीसारखा विझत नाही, ओढला तर लांबतो. मोटार चालू असताना प्लेटेमागचे काळे कनेक्टर कधीही उपसू नका. आधी कंट्रोलरचा डीसी स्विच खाली, मग हात. कनेक्टर 'टक' वाजून बसला पाहिजे. नुसता खुपसलेला आतून तापून वितळतो, आणि लाखांचा सेट बंद पडतो तो त्या छोट्याशा प्लॅस्टिकनं. लोंबकळणाऱ्या वायरी उंदीर आणि वानरं कुरतडतात, त्या पाइपात घालून घ्या.

अर्थिंगची कथा काळ्या मातीत वेगळी. एप्रिलमध्ये जमीन भेगाळली की सळईभोवतीची माती सुटते आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. नेमकं त्याच वेळी वळवाचे पाऊस आणि विजा सुरू होतात. वीजरोधकाचं (आकाशातली वीज जमिनीत उतरवणाऱ्या दांड्याचं) अर्थिंग वेगळं आणि कंट्रोलर-स्ट्रक्चरचं वेगळं हवं. दोन्ही एकाच खड्ड्यात उतरवलेली दिसली तर काम परत करायला लावा. रोध ५ ओहमच्या आत आहे हे मीटर लावून दाखवायला सांगा, आणि उन्हाळ्यात आठ-पंधरा दिवसांनी त्या खड्ड्यात बादलीभर पाणी टाकत चला. कंट्रोलर जळण्याचं कारण बरेचदा इथंच सापडतं. दुसरं कारण पश्चिमेचं ऊन. कंट्रोलरची पेटी प्लेटांच्या सावलीत, मागच्या बाजूला हवी. नाहीतर ४५-४६ अंशांच्या दुपारी ती तापून स्वतःच बंद पडते आणि मालक मोटारीला शिव्या देतो.

ऊन जास्त म्हणजे वीज जास्त, हा समजही सोडा. प्लेट तापली की दर अंशाला साधारण ०.३५ टक्के उत्पादन घटतं. मेमध्ये काच ६५-७० अंशांवर जाते, म्हणजे २५ अंशांच्या छापील आकड्यापेक्षा पंधरा टक्के कमी. या सेटची खरी जवानी फेब्रुवारी-मार्चच्या स्वच्छ, थोड्या गार दिवसांत दिसते.

धुलाई पहाटे किंवा सूर्य मावळताना. तापलेल्या काचेवर थंड पाणी मारू नका, साबण-चुरा नको, मऊ फडकं पुरे. तूर-हरभऱ्याच्या मळणीत थ्रेशरचं भूस बसतं तेव्हा आठवड्याला धुवा, एरवी पंधरा दिवसांनी. पक्ष्यांची शीट लगेच पुसा, त्या डागाखालचा सेल तापून करपतो. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या त्या पट्ट्यात, विहिरीच्याच पाण्यानं प्लेटा धुतल्या तर पांढरा थर चढतो. तिथं गोडं पाणी वापरा आणि मोटार स्टेनलेस स्टीलचीच घ्या.

ओलिताची पद्धत मात्र बदलावी लागते, आणि नाराजी बहुधा इथूनच निघते. लाईटवर आठ-नऊ नोझल चालवणारा माणूस सकाळी नऊला सगळी नोझल उघडतो, ती नुसती थुंकतात, आणि 'सोलर बेकार' हा शेरा गावभर होतो. सकाळी तीन नोझल किंवा मोकळी सरी, अकरानंतर सहा-सात, साडेतीनला परत तीन. लाईनीवर दोन-तीन व्हॉल्व जास्तीचे टाका, म्हणजे पाइप उचलायची धावपळ वाचते. उंचवट्यावर टाकी किंवा शेततळं असेल तर सगळ्यात बरं: दिवसभर मिळेल ते पाणी तिथं साठवायचं आणि ठिबकाला आपल्या वेळेनं सोडायचं.

देखभालीचं थोडक्यात. पाच वर्षं दुरुस्ती पुरवठादाराकडे आणि विमाही त्यात, प्लेटांची हमी पंचवीस वर्षांची, शेवटी ८० टक्के उत्पादनाची. सेटला सिमकार्डाची दूरनिगराणी पेटी असते. टॉवर लागत नसेल तर तुमचा पंप बंद आहे हे कार्यालयाला आपोआप कळणार नाही, तेव्हा तक्रार स्वतः नोंदवा आणि नंबर लिहून ठेवा. प्लेटांचे आणि मोटारीचे क्रमांक बसवतानाच मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. चोरी झाली तर पोलिसात आणि विम्याला आधी तेच मागतात.

कोणी घेऊ नये? लाईटचं कनेक्शन आधीच असलेल्यांना योजनेतून हा मिळतच नाही. ज्यांच्या गावचा फीडर, म्हणजे शेतीला वीज देणारी लाईन, मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून दिवसा चालू लागला आहे त्यांनी धीर धरावा, तिथं पूर्ण दाबाची लाईन दिवसाच मिळते. आणि भंडारा-गोंदियाकडे मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या काठावर धानाला पाणी घेणाऱ्यांनी सबमर्सिबल न घेता पृष्ठभागावरचा पंप मागावा. चार-पाच मीटरच्या उचलीला तो पुरतो आणि दुरुस्तीही हाताशी राहते.

एक गुण आम्ही कापला तो रिकाम्या महिन्यांसाठी. जूनपासून सप्टेंबरपर्यंत ४८०० वॅटच्या प्लेटा नुसत्या पाऊस खात उभ्या असतात. यावर उपाय आहे: युनिव्हर्सल सोलर पंप कंट्रोलर. त्यावर पंप बंद असताना कडबाकुट्टी किंवा पिठाची चक्की चालते. निकषांत त्याला परवानगी आहे, पण साध्या सेटबरोबर तो येत नाही, आणि बहुतेक विक्रेते त्याचं नावही काढत नाहीत. अर्ज करतानाच विचारा. नंतर जोडायचा म्हटलं तर आधीचा कंट्रोलर काढावा लागतो, आणि त्याबरोबर त्याची पाच वर्षांची हमीही जायची भीती असते.